पीडितेवर पहारा

मुलुंडच्या एका व्याख्यानमालेत अलीकडे एका नामवंत वक्त्यांनी ठासून सांगितलं, की पीडित असणं हा आजचा सर्वांत किफायतशीर धंदा आहे. बाई रडली की कायदा झुकतो, पोलीस धावतात आणि पुरुष भरडला जातो, असा एकूण रोख. 498-अ झालं, पोटगी झाली, बंगळुरूच्या इंजिनियरची आत्महत्याही झाली. टाळ्या भरपूर पडल्या. समोर साठीपुढची पुरुषमंडळी बहुसंख्य होती, तेव्हा त्यात नवल नाही. वक्त्यांचं नाव मी देत नाही, त्यांना प्रसिद्धीची ददात नाही. पण त्यांच्या वाक्याचं उत्तर त्याच मुलुंडमध्ये पडलेलं आहे.

फेब्रुवारी 2023 मध्ये मुलुंडमध्ये एका कुंटणखान्यावर छापा पडला. पोलिसांना सापडलेल्यांत 34 वर्षांची एक बाई होती, दोन मुलांची आई. माझगावच्या दंडाधिकाऱ्यांनी तिला काळजी, संरक्षण आणि निवारा मिळावा म्हणून वर्षभर निवारागृहात ठेवण्याचा हुकूम केला. तिच्यावर आरोप नव्हता. कायद्याच्या लेखी ती पीडित होती आणि म्हणूनच आत होती. आरोपी असती तर निदान जामीन मागता आला असता! ती अपिलात गेली, तेव्हा सत्र न्यायालयाने हुकूम रद्द केला. सज्ञान बाईने कुठे राहावं हे तिचं तिने ठरवायचं, आणि तिच्या लहान मुलांना आई हवी, इतकी साधी गोष्ट सांगायला वरचं कोर्ट लागलं.

धंदा किफायतशीर आहे खरा, पण नफा कोणाच्या गल्ल्यात जातो हे वक्त्यांनी पाहिलेलं नाही.

हे सगळं ज्या कायद्याने चालतं तो 1956 चा. पोलीस ठाण्यापासून बारच्या काउंटरपर्यंत सगळे त्याला ‘पिटा’ म्हणतात. त्याच्या कलम 17 नुसार सोडवून आणलेल्या बाईला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. 2019 मध्ये मालाडला तिघी सापडल्या, विशीतल्या. त्यांच्या आया ताबा मागायला आल्या. दंडाधिकाऱ्यांनी नकार दिला. कारण असं, की मुली बेडिया समाजाच्या, त्या समाजात मुलींना या धंद्याला लावण्याची रूढी आहे, तेव्हा आईकडे पाठवणं धोक्याचं. मग वर्षभरासाठी उत्तर प्रदेशातल्या संस्थेत रवानगीचा हुकूम. दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने तो कायम केला. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी त्यांना मोकळं केलं. वेश्याव्यवसाय हा स्वतः या कायद्याखाली गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. तोवर जवळपास वर्ष उलटलं होतं. शिक्षा भोगून झाली, मग कळलं की ती शिक्षा नव्हतीच.

इथवर वक्त्यांचा मुद्दा निकालात निघाला, असं म्हणून मला थांबता आलं असतं. उदारमतवादी लेख इथेच संपतात. बाई सज्ञान, निवड तिची, सरकारने नाक खुपसू नये. डान्सबारबंदीच्या वेळी आमच्या बाजूने हेच सूत्र होतं. 2005 च्या जुलैमध्ये मुंबई पोलीस कायद्यात 33-अ आणि 33-ब ही कलमं घालणारं विधेयक विधिमंडळात एकमताने मंजूर झालं. एरवी आमच्या आमदारांचं एकमत स्वतःच्या पगारवाढीवर होतं! गृहमंत्री आर. आर. पाटील तरुण पिढी वाचवत होते, गृहिणींचे संसार वाचवत होते आणि जाता जाता बारबालांची प्रतिष्ठाही. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट. म्हणजे अंधेरीच्या बीअरबारमध्ये नाचलं की संस्कृती बुडते आणि जुहूच्या हॉटेलात नाचलं की तरते. जुहूलाच एसएनडीटीचं स्त्री-अभ्यास केंद्र आहे. त्याने आणि फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन या गटाने बारमध्ये नाचणाऱ्या 500 जणींशी बोलून अहवाल काढला होता. नाचणाऱ्या बायकांना विचारावं ही कल्पना कोणाला तरी सुचली, हेच विशेष. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बंदी घटनाबाह्य ठरवली. 75 हजार बायका बेकार झाल्या आणि त्यांतल्या अनेकींना देहविक्रय करावा लागला, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. ज्या खड्ड्यातून काढण्यासाठी कायदा केला, त्याच खड्ड्यात त्याने ढकललं.

पण ‘निवड तिची’ हे सूत्र एका ठिकाणी अडतं, आणि तिथे मला जास्त वेळ थांबायचं आहे. त्या वेळी काही दलित-बहुजन स्त्री कार्यकर्त्यांनी बंदीला पाठिंबा दिला होता. आमच्या वर्तुळात त्यांना सोवळ्या म्हणून झटकून टाकलं गेलं. त्यांचा प्रश्न सोवळेपणाचा नव्हताच. बारमध्ये नाचणाऱ्यांत बेडिया, नट, कंजर अशा जातींच्या मुली इतक्या का, आणि जोशी-कुलकर्ण्यांच्या का नाहीत, असा तो प्रश्न होता. जात ज्या मुलीला जन्मतःच त्या दाराशी आणून उभी करते, तिच्या ‘निवडी’चा गौरव उच्चवर्णीयांनी कशाच्या जोरावर करायचा?

शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या 2022 च्या पुस्तकात हे तमाशाच्या बाबतीत मांडलं आहे. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या पाईक आज अमेरिकेत इतिहास शिकवतात आणि 2024 ची मॅकआर्थर फेलोशिप त्यांना मिळाली. ती बातमी मराठी वर्तमानपत्रांनी अभिमानाने छापली, पुस्तक वाचण्याची घाई मात्र कोणाला दिसली नाही. त्या ‘अश्लील’, ‘अस्सल’ आणि ‘माणुसकी’ हे तीन शब्द एकत्र धरतात. तमाशा महाराष्ट्राचा अस्सल ठेवा ठरला, त्याचं श्रेय मराठीपणाला मिळालं. अश्लीलतेचा डाग मात्र नाचणाऱ्या दलित बाईच्या अंगावरच राहिला. पठ्ठे बापूराव जन्माने ब्राह्मण, त्यांच्या तमाशात नाचणारी पवळा महार. बापूराव शाहीर म्हणून वंदनीय झाले, पवळेची आठवण त्यांच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणून उरली. बापूरावांनी चळवळीसाठी देऊ केलेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला, कारण तो आमच्या बायकांच्या नाचण्याचा आहे, असं सांगितलं जातं. या नकाराचं मोल मोठं आहे. पण पाईक त्याच्यापाशी थांबत नाहीत. माणुसकी मिळवायच्या वाटेवर तमाशातली बाई दलित समाजाकडूनही मागे टाकली जाते, तिचं जगणं लज्जास्पद ठरतं, हेही त्या सांगतात. आपल्या बाजूच्या लोकांना इतकं कडू ऐकवायला धारिष्ट लागतं.

म्हणून मी आता निवडीच्या भाषेत बोलत नाही. मालाडच्या त्या तिघींनी स्वखुशीने धंदा पत्करला की जातीने ढकललं, हे मला ठाऊक नाही, आणि त्यांना मोकळं करायला ते ठाऊक असण्याची गरजही नाही. जातीचा जुलूम मान्य केला तर त्याचा इलाज जमिनीत, शिक्षणात, घरात आणि रोजगारात आहे. दंडाधिकाऱ्यांनी जात ओळखली, आणि तिचा उपयोग मुलीला कुलपात ठेवण्यासाठी केला. जातीचं निदान इतकं अचूक आणि उपाय मात्र पहारेकरी!

दरम्यान, उपनगरांत सगळं पूर्ववत चालू आहे. बंदी गेली, नावं बदलली, डान्सबारचे ऑर्केस्ट्रा बार झाले. स्टेजवर चार पुरुष आणि चारच बायका, असा परवान्याचा नियम होता. तो 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. डिसेंबर 2021 मध्ये अंधेरीच्या एका बारवर छापा पडला. तासन् तास शोधूनही कोणी सापडेना. मग मेकअपच्या खोलीतला भिंतभर आरसा पोलिसांनी फोडला. मागे चोरखोली, आणि तिच्यात 17 बायका. पेपरांत आरसा कसा सरकतो याच्या तपशिलांची रेलचेल होती. श्वास कोंडून बसलेल्या सतरा जणींचा पुढचा महिना कसा गेला, हे मात्र छापण्याजोगं वाटलं नाही.

2025 च्या जुलैमध्ये विधान परिषदेत अनिल परबांनी कांदिवलीच्या बारचा विषय काढला. पोलिसांनी छापा घातलेल्या या बारचा परवाना गृहराज्यमंत्री योगेश कदमांच्या आईच्या नावावर असल्याचा त्यांचा आरोप. बार दुसऱ्याला चालवायला दिला होता, असा कदमांच्या बाजूचा खुलासा. राजीनामा, हक्कभंग, बदनामी, आठवडाभर चॅनेलांना चांगलं खाद्य. परबांनी पकडलेल्या बारबालांचा आकडाही सांगितला, पण पंचनाम्यातल्या मुद्देमालासारखा. मालक कोण यावर दोन्ही बाजू तावातावाने भांडल्या. त्या बायकांचं काय, हा प्रश्न त्या गदारोळात मला तरी ऐकू आला नाही.

वक्तेमहाशय, पुढच्या व्याख्यानाआधी एवढं तारखांसकट टिपून ठेवा. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं, की संरक्षणगृहांची पाहणी करा आणि मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना ठरावीक मुदतीत सोडा. मुलुंडच्या त्या दोन मुलांच्या आईला वर्षभर आत ठेवण्याचा हुकूम त्यानंतर दहा महिन्यांनी निघाला.