डोळ्यांची साक्ष

१९०३ साली फ्रान्समधल्या नान्सी शहरातले भौतिकशास्त्रज्ञ रने ब्लाँदलो यांनी नवे किरण सापडल्याचं जाहीर केलं. क्ष-किरणांवर काम करताना ते हाती लागले होते. शहराच्या नावावरून त्यांनी या किरणांना ‘एन-किरण’ म्हटलं. हे किरण पडले की अंधारातली बारीकशी ठिणगी किंचित उजळते, असं त्यांचं निरीक्षण होतं. किंचितच. त्यासाठी खोली काळोखी हवी, डोळा सरावलेला हवा, आणि रोखून न पाहता जरा अलिप्तपणे पाहायला हवं. बघता बघता फ्रान्समधल्या अनेक संशोधकांना ते दिसू लागले. सूर्यापासून, धातूंपासून, माणसाच्या स्नायूंपासून आणि मज्जातंतूंपासूनही ते निघतात, असे निबंध छापून आले.

इंग्लंड-जर्मनीतल्या प्रयोगशाळांना मात्र ते काही केल्या दिसेनात. १९०४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट वुड स्वतः नान्सीला गेले. प्रकाशविज्ञानात त्यांचा हात धरणारे थोडेच होते. अॅल्युमिनियमच्या लोलकातून गेल्यावर हे किरण फाकतात आणि ठरावीक जागी उमटतात, हा प्रयोग त्यांना काळोखात दाखवण्यात आला. त्या जागांची मापं एकामागून एक वाचून दाखवली जात होती, तीही मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. वुड यांनी अंधारात लोलक अलगद काढून घेतला. मापं तीच येत राहिली. त्यांनी हे सगळं ‘नेचर’ साप्ताहिकाला लिहून कळवलं, आणि फ्रान्सबाहेर तरी एन-किरणांची चर्चा तिथेच संपली.

ब्लाँदलो लबाड नव्हते. तारेतल्या विजेच्या वेगाचं मोजमाप करून नावाजलेला, कसलेला प्रयोगकार होता तो. त्यांना ठिणगी उजळलेली खरोखरच दिसत होती. म्हणून तर ही हकिकत मला अस्वस्थ करते. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. इथे ज्याची फसवणूक झाली तोच फसवणारा होता, आणि त्याला दोन्हींचा पत्ता नव्हता. आठच वर्षांपूर्वी, १८९५ मध्ये, जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले होते. १८७०च्या युद्धात जर्मनांकडून झालेला पराभव फ्रान्स विसरला नव्हता. आपल्याकडेही असं काही सापडावं, ही इच्छा एकट्या ब्लाँदलोंची नसणार. दिसतं की दिसत नाही अशा सीमेवर डोळा उभा असला, की उरलेलं काम इच्छा करते. बुद्धिमान माणसाच्या बाबतीत तर ती ते जास्त सफाईनं करते, कारण ज्यांना दिसत नाही त्यांचं काय चुकलं हे त्याला फार छान समजावून सांगता येतं.

ही हकिकत आठवली की माझं मन पुण्यातल्या एका प्रयोगाकडे वळतं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी मिळून फलज्योतिषाची एक चाचणी घेतली होती. तिचा निबंध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, अशा दोनशे जणांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या. पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातलं ते सांगायचं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवूनही चाळिसात साधारण वीस बरोबर यावीत. सर्वांत चांगलं उत्तर चोवीसांवर थांबलं.

निकाल महत्त्वाचा आहेच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती या चाचणीची मांडणी. पत्रिकांना सांकेतिक क्रमांक दिले होते. कोणता क्रमांक कुणाचा हे जसं ज्योतिषांना माहीत नव्हतं, तसंच प्रयोग करणाऱ्यांनाही कळणार नाही, अशी व्यवस्था होती. ती माहिती पुणे विद्यापीठात वेगळी जपून ठेवलेली होती. ही मंडळी फलज्योतिष मानत नव्हती आणि हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. म्हणजे त्यांचीही इच्छा होतीच. तीच इच्छा निकालात शिरू नये म्हणून त्यांनी स्वतःलाही अंधारात ठेवलं. नान्सीला वुड यांना परक्या देशातून यावं लागलं. इथे वुड यांचं काम प्रयोगातच बसवलेलं होतं. विज्ञानाचा माणूस इतरांपेक्षा जास्त सच्चा असतो असं मला मुळीच वाटत नाही. त्याच्या कामाची रीत मात्र अशी असते, की त्याच्या सच्चेपणावर सगळं सोडून द्यावं लागत नाही.

या चाचणीनंतर लोकांनी पत्रिका बघणं सोडलं का? नाही. मला त्यांचा राग येत नाही. मुलीचं लग्न जमत नाही, मुलाची नोकरी जाते, घरात दुखणं येतं. अशा वेळी कुणीतरी ‘अमुक महिन्यानंतर बरं होईल’ म्हणावं, ही गरज खरी आहे. आकड्यांचा तक्ता ती भागवत नाही. पण त्या माणसाला उपदेश करण्याऐवजी एक साधी सवय देता येईल, आणि ती चार्ल्स डार्विनची आहे. आपल्या सिद्धान्ताच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनात किंवा निरीक्षणात आली, की डार्विन ती न चुकता ताबडतोब टिपून ठेवत. सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात आणि गैरसोयीच्या मनातून चटकन निसटतात, हा अनुभव त्यांनी आत्मचरित्रात नोंदवला आहे. ‘द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर जे आक्षेप आले, त्यांतले फार थोडे त्यांना नवे होते, कारण बहुतेकांचा विचार त्यांनी आधीच करून ठेवला होता.

सवय साधी असली तरी सोपी नाही. भविष्य सांगितलेलं ऐकलं, की त्याच दिवशी तारीख घालून वहीत लिहायचं आणि वर्षानं उघडून पाहायचं. तसंच एखाद्या पुढाऱ्याबद्दलचं, औषधाबद्दलचं, शेजाऱ्याबद्दलचं आपलं ठाम मतही लिहायचं, आणि खाली थोडी जागा मोकळी सोडायची: हे मत चुकीचं असल्याचं मला कशावरून कळेल? ती जागा भरता येत नसेल, तर त्या मतावर कुणाशी भांडायला निघण्यापूर्वी थोडं थांबावं.