पैसा घ्यावा, लगाम देऊ नये

बंगळुरूच्या जयनगरात पहाटे फोर्थ ब्लॉकच्या बाजाराबाहेर फुलवाल्या टोपल्या मांडतात आणि पौरकार्मिक (पालिकेच्या सफाई कामगार) बायका मोठ्या झाडांखालचा पाचोळा लोटत असतात. देशातले काही बडे उद्योगपती याच शहरात राहतात. गरिबी हटवण्यासाठी धनवंत पैसा देतात, तेव्हा कौतुकाबरोबर लगामही त्यांच्याच हाती जाईल का, अशी शंकाही उठते. ती शंका जुनी आहे आणि मला रास्त वाटते.

१९१७ साली बेळगावचे वकील सदाशिव लक्ष्मण सोमण गांधीजींच्या हाकेला ओ देऊन बिहारमधल्या चंपारणला, नीळ-शेतकऱ्यांच्या चळवळीत गेले. भितिहरवा गावची शाळा त्यांच्याकडे होती. बांबू-गवताचे ते खोपट रात्री कुणीतरी पेटवले. सोमणांनी स्वतः राबून, गावाला सोबत घेऊन विटांची इमारत उभी केली. चळवळीसाठी गांधीजींनी बिहारच्या सुखवस्तू मंडळींकडून पैसा घेतला, पण काय करायचे हे त्यांना ठरवू दिले नाही. सारा खर्च तीन हजार रुपयांच्या आत भागला. विघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची सक्ती १९१८ च्या कायद्याने गेली. शाळा हवीच होती, पण शेतकऱ्याच्या मानेवरचे जू उतरवले ते कायद्याने.

पुढे गांधीजींनीच विश्वस्ततेचा विचार मांडला: श्रीमंतांनी संपत्ती समाजाची ठेव मानावी. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या ग्रंथात त्यावर कठोर टीका केली. स्वतंत्र भारताने कराचा मार्ग धरला. १९५३ मध्ये वारसा-संपत्तीवर मृत्यूकर आला, १९५७ मध्ये संपत्ती कर. पहिला १९८५ मध्ये रद्द झाला, दुसरा २०१५ मध्ये. दरम्यान २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले. हा खर्च कुठल्या कामावर करायचा, हे मात्र कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. कराच्या पैशाचा जाब निवडून दिलेल्यांना विचारता येतो, या पैशाचा तसा विचारता येत नाही.

चंपारणला गेलेल्या त्या सोमणांची नात म्हणजे रोहिणी निलेकणी. त्यांनी व त्यांचे पती, इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी यांनी २०१७ मध्ये निम्मी संपत्ती देण्याची प्रतिज्ञा केली. रोहिणीताईंच्या ‘अर्घ्यम्’ या संस्थेने पाणीप्रश्नावर मोठे काम केले आहे. त्यांच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. पण २०१४ मध्ये नंदन बंगळुरू दक्षिणमधून लोकसभेला उभे राहिले, तेव्हा जयनगरसह त्या मतदारसंघाने त्यांना दोन लाखांहून अधिक मतांनी नाकारले. उमेदवाराला नाकारण्याचा हा हक्क मतदाराला असतो. देणगीदाराने आखलेली योजना ज्यांच्यासाठी येते, त्यांना तो क्वचितच मिळतो.

म्हणून देणाऱ्याची कसोटी रकमेच्या आकड्यावर लागू नये. वारसा कर परत यावा, असे तो उघडपणे म्हणतो का? त्याच्या आवारातल्या कंत्राटी सफाई कामगाराला पगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो का? गावाने त्याची योजना बदलायला सांगितली, तर तो ऐकतो का? हे जो मान्य करतो त्याची मदत आनंदाने घ्यावी. जो टाळतो त्याचाही पैसा शाळा-दवाखान्याला उपयोगी पडेल, पण गरिबीविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व त्याच्याकडे सोपवू नये.