टायटॅनिकची दोन गाणी

१५ एप्रिल १९१२च्या पहाटे टायटॅनिक बुडालं. जहाजावरच्या वाद्यवृंदाचा प्रमुख वॉलेस हार्टली आणि त्याचे सात साथीदार डेकवर वाजवत राहिले. त्यांतला एकही वाचला नाही. अखेरची धून कोणती, यावर वाचलेल्यांतच एकमत नव्हतं, तरी लोकमनात ठसलं ते ‘निअरर, माय गॉड, टू दी’ हे ख्रिस्ती स्तोत्र. सुमारे दीड हजार मृत्यूंना देवाचा आधार हवा होता. जेम्स कॅमेरॉनच्या १९९७च्या चित्रपटातही वादक हेच स्तोत्र वाजवतात. प्रेक्षकांच्या ओठांवर मात्र चित्रपटाच्या शेवटचं ‘माय हार्ट विल गो ऑन’ हे गाणं राहिलं. त्यात ना देवाचं नाव, ना स्वर्गाचं आश्वासन. तरी पाश्चात्त्य देशांत ते अंत्यविधीला वाजू लागलं. म्हणजे श्रद्धेच्या जागी नुसती भावविवशता आली का? मला तसं वाटत नाही. स्तोत्र तरी मरणानंतरच्या जगाची माहिती कुठे देतं? तेही मागणंच मागतं. आणि हे गाणं, गेलेला माणूस कुठे आहे याचा निवाडा न करता, मागे उरलेल्याचा शब्द पाळतं. चित्रपटात त्या रात्री गेलेल्या जॅकचा एक फोटोही वाचलेल्या त्याच्या प्रेयसीजवळ, रोझजवळ नाही. तिच्या उशाशी फोटो आहेत ते तिचेच: घोड्यावर मांड टाकलेली, विमानाजवळ उभी असलेली. जगत राहण्याचं त्याला दिलेलं वचन ती ८४ वर्षं जगली. अशा निष्ठेला धार्मिक म्हणायला माझी हरकत नाही.

यावर कोणी म्हणेल, हे गाणं तर बाजारी माल. धंद्याचं गणित होतंच, ते का नाकारावं? पण घडलं ते उलट्या क्रमाने. कॅमेरॉनला शेवटी गाणं नकोच होतं. संगीतकार जेम्स हॉर्नरने गीतकार विल जेनिंग्जला घेऊन ते त्याच्या नकळत रचलं. गायिका सेलिन डिऑनही आधी नाखूश होती. तिने केवळ नमुना म्हणून गायलेला आवाजच पुढे कायम राहिला. १९९८चं ऑस्कर मिळालं, १९९९ची ग्रॅमी मिळाली. मग रेडिओवर इतकं वाजलं की लोक विटले, टवाळीही झाली. पण शोकात बुडालेलं घर गाणं निवडतं ते पुरस्कार मोजून नव्हे.

खरा आक्षेप श्रद्धावंतांचा आहे: आठवणारा गेला की आठवणही संपते, मग हे कसलं अमरत्व? हे मला मान्य करावंच लागतं. आपल्या श्राद्धातही नावानिशी पिंड तीनच पिढ्यांना. पण तिथे स्मृतीची मर्यादा ओळखून त्यापलीकडचं सोपवायला कोणीतरी आहे. या गाण्याला तसं कोणी नाही. म्हणूनच कॅमेरॉनला शेवटी उजळलेला जिना आणि तिथे जमलेली बुडालेली माणसं दाखवावी लागली. आणि ते रोझचं स्वप्न की मरण, हे त्यानेही सांगितलं नाही.