रंग दिलेला, टाका आपला





मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली, देवळात सप्ताह बसला, घरोघरी गुरुचरित्राची पोथी चौरंगावर आली, की प्रवचनकाराला एक विषय हमखास सांगावा लागतो. तो म्हणजे अवधूताचे २४ गुरू. भागवताच्या एकादश स्कंधातली ही कथा. यदुराजाने एका निश्चिंत फिरणाऱ्या अवधूताला विचारले की बाबा, तुझ्याजवळ काही नाही, तू काही करीत नाहीस, आणि तरी एवढा आनंदात कसा? त्यावर अवधूताने आपल्या गुरूंची नावे सांगितली. त्या अवधूताला आपण दत्तात्रेय म्हणून ओळखतो. नाथमहाराजांनी याच एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि शके १४९५ मध्ये काशीला ती पुरी केली, म्हणून ही कथा आपल्या आज्यांच्या तोंडी आली.

दरवर्षी आपण काय सांगतो? पृथ्वीकडून क्षमा घ्यावी, पाण्याकडून निर्मळपणा घ्यावा, समुद्राकडून गांभीर्य घ्यावे. सगळे खरेच आहे. पण यंदा ही यादी जरा वेगळी मोजून बघा. या २४ जणांत चुकलेले किती आहेत? कबुतर पिलांच्या मोहाने जाळ्यात शिरले. पतंग दिव्यावर गेला. हत्ती स्पर्शाला भुलला, हरिण गाण्याला, मासा जिभेला. मधमाशीने साठवले आणि गमावले. हे झाले सहा. सातवी पिंगला. म्हणजे दत्तमहाराजांनी फक्त शहाण्यांना गुरू केलेले नाही. चुकलेल्यांनाही तोच मान दिला. आपण मात्र चुकलेल्या माणसाला आधी पंक्तीतून उठवतो.

आता यातला एक भेद लक्षात घ्या. कबुतराला, पतंगाला, माशाला दुसरी संधी मिळाली नाही. चूक झाली आणि तिथेच संपले. पिंगला एकटी अशी, की मध्यरात्रीपर्यंत चुकीच्या वाटेकडे डोळे लावून बसली आणि त्याच रात्री मागे फिरली. पुढे गेलेले पाऊल मागे घेता येणे, ही मनुष्यजन्माची सवलत आहे. बाकीच्या योनींत ती नाही.

आणि यादीत २३ वा गुरू आहे कोळी. आपल्यातूनच धागा काढतो, त्यावर खेळतो आणि पुन्हा तो धागा आपल्यातच ओढून घेतो. अवधूत म्हणतो, परमेश्वर विश्व असेच मांडतो आणि असेच आवरतो. एवढे सामर्थ्य आपल्याकडे कुठले! पण त्याची लहानशी झलक तुमच्या घरात, पलंगाखालच्या पिशवीत असते. दोन सुया आणि लोकरीचा गुंडा.

हसू नका. शिंप्याने कापड कापले की कापले, ते पुन्हा अखंड होत नाही. पण विणकाम म्हणजे एकच धागा, एका फाशातून दुसरा फासा काढीत नेलेला. शेवटचे टोक सोडले आणि ओढत गेले की सगळे पुन्हा धागाच. उसवलेली लोकर सुरुवातीला कुरळी दिसते खरी. तिची लडी करून कोमट पाण्यात भिजवून वाळवली की खरी लोकर पुष्कळशी सरळ होते आणि पुन्हा विणायला तयार होते. संसारात अशा वस्तू फार थोड्या.

हल्ली बाजारात रंग बदलत जाणारी लोकर मिळते. दुकानदार तिला शेडेड म्हणतात. गुंडा एकच, पण आत धागा निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा केशरी होत जातो. आमच्या देवळात गुरुवारी येणाऱ्या एक आजी अशा लोकरीची त्रिकोणी शाल विणायला लागल्या. भजन सुरू व्हायच्या आधी सभामंडपाच्या खांबाला टेकून बसत. त्यांच्याकडून मला जे ऐकायला मिळाले, ते पोथीत वाचलेलेच होते, पण हातात धरून बघितल्यासारखे कळले.

पहिली गोष्ट म्हणजे रंग विणणारीच्या हातात नाही. गुंडा निवडलात तेवढाच तुमचा अधिकार. पुढे निळा कुठे संपेल, हिरवा कधी लागेल, हे लोकर रंगवली तेव्हाच ठरले. 'मला इथे केशरी नको' असे म्हणून चालत नाही. कुणी हट्टाने नको असलेला रंग कात्रीने कापून टाकला, तर पुढचा रंग मागच्याला अंगावर आल्यासारखा लागतो आणि तो सांधा जन्मभर दिसतो. नवा गुंडा जोडतानाही मागचा रंग जिथे सुटला तिथूनच पुढचा धरावा लागतो. शास्त्रात ज्याला प्रारब्ध म्हणतात, ते याहून सोपे करून मला सांगता येणार नाही. रंग येतो तसा घ्यायचा.

पण टाका? टाका घालणारे हात तुमचे. सुलट घालायचा की उलट, जाळीसाठी सुईवर दोरा घ्यायचा की नाही, सैल धरायचा की घट्ट, हे प्रारब्धाने ठरवलेले नाही. आजी म्हणत, 'रागावून विणायला बसले की हात आवळतो, आणि ती ओळ दुसऱ्या दिवशी ओळखू येते.' आपल्याकडे गल्लत कुठे होते सांगू? टाका चुकतो आणि आपण रंगाला बोल लावतो. 'माझं नशीबच असलं!' अहो, नशीब निळे होते की केशरी होते ते राहू द्या. त्या ओळीत सुईवर दोरा घ्यायचा राहिला, तो कुणाचा राहिला?

दुसरी गोष्ट गणिताची आहे, पण ऐकण्यासारखी आहे. ही शाल मानेच्या मधोमध पाच-सात टाक्यांवर सुरू होते आणि दर दोन ओळींत चार टाके वाढतात. म्हणजे १०० ओळी झाल्या की २०० टाके वाढलेले. सुरुवातीला एक रंग कितीतरी ओळी पुरतो, रुंद पट्टा दिसतो. पुढे ओळच लांब होत जाते, म्हणून तेवढ्याच लांबीचा रंग थोड्या ओळींत संपतो. पट्टे अरुंद होत जातात. इथे बसलेल्या साठी-सत्तरीच्या मंडळींना हे वेगळे समजावून सांगायला नको. लहानपणीची एक मे महिन्याची सुट्टी केवढी मोठी होती! आणि आता मागची दत्तजयंती काल झाल्यासारखी वाटते.

आणि याच हिशेबाने चूकही महाग होत जाते. शाल लहान असताना १२ ओळी उसवल्या तर चारेकशे टाके जातात, संध्याकाळच्या दिवेलागणीपर्यंत पुन्हा भरून येतात. १०० ओळींच्या शालीत त्याच १२ ओळी उसवायच्या तर सव्वादोन हजारांवर टाके! म्हणून म्हाताऱ्या माणसाला मागे फिरणे जड वाटते. हट्ट असतो तसा हा खर्चही असतो. मुलांनी आणि सुनांनी हे समजून घ्यावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आजींच्या शालीला नेमके हेच झाले. हिरव्यातून पिवळ्यात जाताना टाके मोजले तर एक कमी. शोधत गेल्या तर चूक १२ ओळी खाली. चूक दिसते तिथे झालेली नसते, हे विणणाऱ्या बायकांना जितके पक्के ठाऊक असते तितके आम्हा प्रवचन करणाऱ्यांनाही नसते. लेक म्हणाली, 'आई, राहू दे, कुणाला दिसणार आहे?' आजी मला म्हणाल्या, 'बुवा, तुम्ही सांगा.'

मी काय सांगणार! पण त्यांनीच मला समजावले की चुकीचे प्रकार असतात. एखादा टाका नुसता सुटून खाली घसरला, तर सगळे उसवायचे कारण नाही. क्रोशाच्या सुईने तो तळापासून एकेक पायरी वर चढवीत आणायचा, शिडी चढवल्यासारखा. शेजारच्या टाक्यांना कळतही नाही. एखादी चूक मात्र पूर्ण ओळीत पसरलेली असते, पुढचे सगळे तिच्यावर उभे असते. तिथे वरवरची मलमपट्टी चालत नाही, मागे जावेच लागते. आणि तिसरी चूक अशी, की ती अगदी पायाशी असते. तिच्यापर्यंत जायचे तर शालच उरत नाही.

गुरुचरित्रात कर्मविपाकाचा अध्याय आहे. पुष्कळ लोक तो भीत भीत वाचतात, कारण त्यात कोणत्या कर्माचे कोणते फळ हे स्पष्ट सांगितले आहे. पण त्याच अध्यायात प्रायश्चित्तेही सांगितली आहेत, आणि ती सरसकट एक नाहीत. दोष तसे प्रायश्चित्त. कुठे लहान, कुठे मोठे, आणि कुठे मनापासूनचा पश्चात्ताप हाच मोठा. सुटलेल्या टाक्यासाठी सगळी शाल उसवू नये, तसेच पसरलेल्या चुकीवर नुसते हळदीकुंकू वाहून मोकळे होऊ नये. घरात दुखावलेल्या माणसाकडे न जाता देवाला अभिषेक घालणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. अभिषेक जरूर घालावा. पण आधी त्या माणसाच्या दारापर्यंत जावे.

आजींनी १२ ओळी उसवल्या. तीन दिवस त्या फक्त गुंडा गुंडाळत होत्या, कारण धागा न तोडता, पीळ न पडू देता घ्यायचा होता. पुन्हा विणायला घेतल्यावर मला दाखवले, 'बघा बुवा, हिरवा होता तिथेच हिरवा आला.' धागा तोडला नव्हता ना, म्हणून रंगांनी आपापली जागा सोडली नव्हती. मागे फिरलेल्या माणसाला वाटते की गेलेली वर्षे फुकट गेली. धागा शाबूत असला तर काही फुकट जात नाही.

त्यांनी आणखी एक युक्ती सांगितली. मोजून बिनचूक ठरलेल्या ओळीतून एक बारीक गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवायचा. पुढे चुकले तर उसवण त्या दोऱ्यापाशी थांबते, त्याखालचे टाके जागचे हलत नाहीत. दर १५-२० ओळींनी असा दोरा बदलत जायचा. मला वाटते, आपल्या पूर्वजांनी गुरुवार ठेवला तो याचसाठी. आठवडाभर संसारात विणत राहा, गुरुवारी देवापुढे बसून मोज आणि दोरा ओवून ठेव. नेम मोठा असायला हवा असे नाही. गुरुचरित्रातल्या त्या विणकराची गोष्ट आठवा. दिवसाचा आपला धंदा सांभाळून तो गाणगापुरी गुरूंच्या मठाचे अंगण झाडीत असे, एवढीच त्याची सेवा. घरचे सगळे शिवरात्रीला श्रीशैल यात्रेला निघाले. हा गेला नाही, म्हणाला माझा मल्लिकार्जुन इथेच आहे. मग श्रीगुरूंनीच त्याला डोळे मिटून पादुका धरायला सांगितले आणि क्षणात श्रीशैलाला नेले. गुडघे धरले म्हणून गाणगापूर होत नाही, वाडी होत नाही, अशी हळहळ करणाऱ्या मंडळींनी हा अध्याय जरूर वाचावा.

आता राहिली ती तिसरी चूक, पायाशी असलेली. आजींच्या शालीत तीही होती. मानेजवळ, पहिल्या निळ्या रंगात, मधल्या कण्याचा एक टाका बाजूला सरकलेला. तिथपर्यंत उसवायचे तर पुन्हा पाच टाक्यांवर यायचे. त्यांनी ती तशीच ठेवली.

शाल कुणासाठी, हे त्यांनी बरेच दिवस सांगितले नव्हते. ती होती धाकट्या जावेसाठी. दोघींचे येणेजाणे कित्येक वर्षे बंद होते. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात कुणी किती केले यावरून एक शब्द गेला होता, आणि पुढे घराची वाटणी, मुलांची लग्ने, सगळे त्या एका शब्दावर चढत गेले होते. 'शब्द माझ्या तोंडचा होता, बुवा,' एवढेच त्या म्हणाल्या.

सप्ताहाच्या आधीच्या गुरुवारी त्या सकाळीच शाल घेऊन जावेच्या घरी गेल्या. पुढचे मला त्यांच्या लेकीने सांगितले. धाकटीने दार उघडले, या म्हणाली, पाणी दिले. शाल उलगडून उजेडात धरली, रंगांवरून हात फिरवला. तीही विणणारी, तिची नजर बरोबर मानेपाशी गेली.

'वहिनी, हे इथे काय झालंय?'

'चुकलं गं माझं तिथं. अगदी सुरुवातीलाच. तिथवर मागं जाता येईना.'

धाकटी काही बोलली नाही. शाल खांद्यावर घेतली आणि चहा ठेवायला आत गेली. आजी त्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला देवळात आल्या नाहीत. रात्री नऊला त्यांच्या पुतण्याने त्यांना घरी आणून सोडले.