बुडीत येणी आणि आपली नियत

जळगाव परिसरातील कृषी सेवा केंद्राचा दुकानदार मृगात बियाणे व खते उधारीवर देतो आणि कापूस विकला गेला की वसुलीला निघतो. धुळ्याचा यंत्रमागधारक कापड उधार देऊन महिनोन्महिने पैशांची वाट पाहतो. यातील काही रक्कम बुडणार, हे दोघेही जाणतात. म्हणून हिशेबशास्त्र सांगते की, वर्षअखेरीस नफ्यातून 'बुडीत व संशयित कर्ज निधी' बाजूला काढावा.

येथे श्रद्धावंताला प्रश्न पडतो. ऋणकोने देणे नाकारलेले नसताना त्याच्याविषयी शंका धरणे ही बदगुमानी नव्हे काय? सूरह अल्-हुजुरात (आयत 12) पुष्कळशा संशयांपासून दूर राहण्याची आज्ञा देते. परंतु हा निधी म्हणजे कोणा एकावर ठेवलेला आरोप नव्हे. मागील वर्षांच्या अनुभवावरून बांधलेला तो अंदाज आहे; हाती न आलेल्या पैशाला नफा न मानण्याची ती सावधगिरी आहे.

मात्र या सावधगिरीची सचोटी एका वर्षाच्या आकड्यावरून कळत नाही. समजा, तीन वर्षांत येणी 10, 15 आणि 20 लाख रुपये झाली. निधी मात्र 50 हजारांवरच राहिला. म्हणजे प्रमाण 5 टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आले. वसुली खरोखर सुधारली असेल तर ठीकच. अन्यथा नफा फुगवून दाखवला गेला आणि भागीदाराची फसवणूक झाली. उलट, निधी अकारण वाढवणारा भागीदाराचा वाटा दडवतो. सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना दिलेला इशारा अशा वहीलाही लागू पडतो.

जकातीचीही हीच कसोटी आहे. हनफी फिक्हनुसार वसुलीची आशा असलेली उधारी जकातपात्र मालात धरली जाते. आशा सुटलेली रक्कम हाती येईपर्यंत धरली जात नाही. म्हणून जकात टाळण्यासाठी चांगल्या खात्याला 'संशयित' म्हणणे हा अल्लाहच्या हक्काशी खेळ आहे. प्रत्येक खाते प्रामाणिकपणे पाहावे व शंका असल्यास आलिमांना विचारावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निधी काढला म्हणजे कर्ज माफ झाले असे नव्हे. ऐपत असूनही देणे लांबवणे हा अन्याय आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. कर्ज फेडण्याची सोय मागे न ठेवता गेलेल्या माणसाची जनाज्याची नमाज पढवण्यास ते थांबले आणि एका सहाबींनी ते कर्ज स्वतःवर घेतल्यावरच त्यांनी ती पढवली. धनकोने वहीत रक्कम वजा केली, तरी ऋणकोच्या मानेवरचे ओझे उतरत नाही.

धनकोसाठी मात्र येथे एक संधी आहे. पाऊस दगा देतो, कपाशी हातची जाते, तेव्हा ऋणको खरोखर अडचणीत असतो. अशाला सवलत द्यावी आणि सोडून दिले तर ते अधिक उत्तम, असे सूरह अल्-बकरा (आयत 280) शिकवते. ज्याने तोटा आधीच वहीत सोसला आहे, त्याला हे औदार्य जड जाऊ नये. शंका वहीत असावी. गरजवंताच्या दारात उभे राहताना ती जिभेवर नसावी.