आदेश न निघालेली कपात

महाराष्ट्रात सरकारी दवाखाना बंद केल्याचा आदेश सहसा निघत नाही. इमारत उभी असते, फाटकावर पाटी असते, भिंतीवर योजनांचे फलक असतात. फक्त ग्रामीण रुग्णालयातली स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा कित्येक वर्षं भरलेली नसते. भूलतज्ज्ञ शेजारच्या तालुक्यातून ठरल्या दिवशी येतो. क्ष-किरण यंत्र असतं आणि ते चालवणारा तंत्रज्ञ नसतो. मग रात्री कळा सुरू झालेल्या बाईच्या घरच्यांना सांगितलं जातं, ‘सिव्हिलला न्या.’ विधानसभेत कुणी विचारलं की आरोग्यसेवेला कात्री लावली का, तर सरकार छातीठोकपणे सांगू शकतं की एकही रुग्णालय बंद केलेलं नाही, उलट तरतूद वाढवली आहे. दोन्ही विधानं खरी असतात आणि तरीही त्या बाईपुरतं रुग्णालय बंदच असतं.

ब्रिटनमध्ये एखाद्या गावातला प्रसूती विभाग हलवायचा ठरला, तर आधी लोकांना जाहीरपणे विचारावं लागतं. त्यावर सभा होतात, मोर्चे निघतात, खासदाराला उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे तशी तारीखच नसते. पद रिक्त होतं, त्याचा ‘अतिरिक्त कार्यभार’ दुसऱ्याकडे जातो, मग अकरा महिन्यांच्या करारावर कुणी येतं, करार संपतो, पुन्हा कार्यभार फिरतो. या प्रत्येक कागदावर तात्पुरती व्यवस्था असं लिहिलेलं असतं. विरोध करायचा तर नेमका कोणत्या कागदाला करायचा?

नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, राज्याच्या आरोग्यव्यवस्थेवरचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. मार्च २०२२ पर्यंतच्या काळाचं हे लेखापरीक्षण. डॉक्टरांची मंजूर पदं सुमारे पाव आणि परिचारिकांची सुमारे एक तृतीयांश रिकामी असल्याचं त्यात दिसतं. हा तुटवडा मंजूर पदांच्या तुलनेतला आहे, गरजेच्या तुलनेतला नाही, हे लक्षात ठेवलं पाहिजे. मैदानी भागात ३० हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आपला जुना निकष. लोकसंख्या वाढली, गावं शहरांत मिसळली, तरी अनेक ठिकाणी आकृतिबंध मागेच राहिला. केंद्र सरकारच्या २०१७ च्या आरोग्य धोरणाने राज्यांना २०२० पर्यंत अर्थसंकल्पाचा ८ टक्क्यांहून अधिक हिस्सा आरोग्यावर खर्च करायला सांगितलं होतं. महाराष्ट्र, देशातलं सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेलं राज्य, ५ टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिलं.

न भरलेल्या पदाचा पगार वाचतो, म्हणून मी त्याला कपात म्हणतो. एका परिचारिकेचं पद पाच वर्षं रिकामं ठेवलं तर पाच वर्षांचा पगार तिजोरीत राहतो. त्याची किंमत वॉर्डात एकटी साठ रुग्ण सांभाळणारी दुसरी परिचारिका भरते आणि तिची हाक येईपर्यंत वाट पाहणारा रुग्ण भरतो.

नांदेडचं उदाहरण अजून विस्मरणात गेलेलं नसावं. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं होती. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्यात कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८ मृत्यू झाले होते. नांदेडनंतर काय झालं? एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि त्याची चित्रफीत राज्यभर फिरली. मला त्या घटनेचा आजही संताप येतो. रुग्णालय घाण असणं हा गुन्हाच, पण पदं मंजूर करणारे, निधी सोडणारे आणि औषधखरेदी ठरवणारे लोक त्या स्वच्छतागृहाच्या जवळपासही नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली आणि सुनावणीत प्रश्न पुन्हा तिथेच आले: रिक्त पदं किती, औषधांसाठी तरतूद किती, त्यातली खर्च किती.

औषधांची गोष्ट तर शिकण्यासारखी आहे. २०१७ मध्ये राज्याने सगळ्या सरकारी रुग्णालयांची औषधं आणि यंत्रसामग्रीची खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. परळच्या या नावामागे प्लेगच्या लसीपासूनचा इतिहास आहे. पोलिओची लस घराघरांत पोहोचवण्यात या संस्थेचा वाटा मोठा. लस बनवणाऱ्या संस्थेला राज्यभराची खरेदीदार केलं, पण त्या कामाला लागणारी माणसं, गोदामं, संगणकप्रणाली तेवढ्या प्रमाणात दिली नाहीत. रुग्णालयांनी मागणी केलेल्या मालाचा मोठा हिस्सा खरेदीच झाला नाही, असं कॅगने नोंदवलं. गावोगावच्या रुग्णांना याचा अर्थ एका वाक्यात कळला: ‘औषध बाहेरून आणा.’ २०२३ मध्ये खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण स्थापन करणारा कायदा झाला. तमिळनाडूने असं महामंडळ १९९४ मध्येच उभारलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं, प्रत्येक रुग्णालयाला औषधांचं पासबुक, त्यातून हवं ते औषध उचलायची मुभा. हे सगळं बघायला चेन्नईपर्यंत जायचं होतं. त्यासाठी जवळजवळ तीन दशकं लागावीत?

आता योजनेकडे वळतो, कारण सरकारचा बचाव तिथेच असतो. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली, आणि जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता ५ लाखांपर्यंतचं संरक्षण सर्व कुटुंबांना देऊ केलं गेलं. या योजनेला मी नावं ठेवणार नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जमीन विकण्याची ज्यांची वेळ तिने टाळली, अशी कुटुंबं महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. खासगी रुग्णालयाच्या काउंटरवर गरिबाला ‘आरोग्यमित्र’ भेटतो, ही मोठी गोष्ट आहे.

पण कार्ड कशाचे पैसे देतं ते पाहा. ते ठरलेल्या शस्त्रक्रियांचे आणि उपचारांचे, ठरलेल्या पॅकेजचे पैसे देतं. त्यातलं बहुतेक रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतं. पंचावन्न वर्षांच्या शेतमजूर बाईला मधुमेह आहे. तिला रोजची गोळी, दर काही महिन्यांनी रक्ततपासणी आणि डोळे-पाय बघणारं कुणीतरी लागतं. त्यासाठी कार्ड उपयोगाचं नाही. ते काम उपकेंद्राचं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचं. तिथे गोळ्या संपल्या असतील तर ती दुकानातून आणते, पैसे नसतील त्या महिन्यात आणत नाही. पुढे मूत्रपिंडं निकामी झाली की डायलिसिस योजनेत बसतं. तोवर राज्याने तिच्यावर खर्च केलेला नसतो, त्यानंतर पुष्कळ करावा लागतो, आणि बाईचं आयुष्य तरी पूर्वीसारखं होत नाही. भारतात लोक स्वतःच्या खिशातून आरोग्यावर जो खर्च करतात, त्यात औषधांचा वाटा मोठा आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ मध्येही एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भार थेट लोकांच्या खिशावर होता.

जवळची सेवा नसली की माणूस खासगीकडे जातो आणि तिथे त्याच्या दुखण्याला कोणतं उत्तर मिळेल हे त्याच्या हाती राहत नाही. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं आणि त्यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, यासाठी तपासून साधी औषधं देणारी स्त्रीरोगतज्ज्ञ तालुक्यात बसत असती, तर यातल्या किती जणी वाचल्या असत्या? मुकादमाच्या उचलीचा, कामावरच्या खाड्याच्या दंडाचा वाटा यात आहेच. तरीही पहिल्या पायरीवर सरकारी डॉक्टर नसणं हे कारण मला दुय्यम वाटत नाही.

ही पहिली पायरी किती करू शकते, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यांचं संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पुढे देशभरातल्या ‘आशा’ आरोग्यसेविकांच्या कामात ही घरोघरची बाळभेट समाविष्ट झाली. आज महाराष्ट्रात सत्तर हजारांहून अधिक आशा आहेत. त्या आजही कागदोपत्री स्वयंसेविका. त्यांना वेतन नसतं, मोबदला असतो. त्यात वाढ मिळवायला २०२३-२४ च्या हिवाळ्यात त्यांना संप करावा लागला, आझाद मैदानावर बसावं लागलं. नवजात बाळ जगवण्याची जगन्मान्य पद्धत ज्यांच्या पायांवर चालते, त्यांना पगारी कर्मचारी मानायला राज्य तयार नाही.

पैसा नाही, हे उत्तर मला मान्य नाही. २०२४ मध्ये बायकांना दरमहा दीड हजार रुपये देणाऱ्या लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज मांडला गेला आणि पैसे खात्यांत जमाही झाले. त्या दीड हजारांबद्दल माझी तक्रार नाही. घरातल्या बाईच्या हाती पैसा आला हे चांगलंच झालं. पण ठरवलं की पैसा उभा राहतो, हेही त्यातून सिद्ध झालं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच, रेल्वेतून पडून जखमी झालेल्या आणि कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलेल्या एका मजुराच्या खटल्यात, आर्थिक अडचणीचं कारण सांगून राज्याला उपचार देण्याची जबाबदारी टाळता येणार नाही असं स्पष्ट केलं होतं.

दुसरं उत्तर खासगी भागीदारीचं. मरोळच्या सेव्हन हिल्स रुग्णालयाचं काय झालं ते मुंबईकरांनी पाहिलं आहे. महापालिकेची जागा, खासगी कंपनीचं रुग्णालय आणि २० टक्के खाटा पालिकेच्या दराने पालिकेच्या रुग्णांना, असा करार. खाटांवरून वाद झाले, २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं, आणि करोनाच्या साथीत अखेर पालिकेलाच तिथे रुग्ण दाखल करावे लागले. हा अनुभव समोर असताना उपनगरांतल्या पालिका रुग्णालयांसाठी पुन्हा भागीदारीचे प्रस्ताव पुढे सरकले, तेही सभागृह अस्तित्वात नसताना. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते.

निवडून आलेले प्रतिनिधीच नसण्याचा हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर सर्वांत कमी बोललं गेलं आहे. ग्रामीण महाराष्ट्रातली उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदा चालवतात. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत दवाखाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायतींच्या विषयांत आहेत. बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदतही २०२२ मध्ये संपली होती. त्यानंतर आरोग्य सभापती नव्हता, आरोग्य समिती नव्हती, बैठकीत उभं राहून ‘आमच्या केंद्राचा डॉक्टर कुठे आहे’ असं विचारणारा सदस्य नव्हता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असं सांगावं लागलं. त्याआधी, २००७ पासून, पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला होता. गावकरीच आपल्या केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचे आणि जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागायचं. बंद पडलेली प्रसूतीसेवा सुरू करायला लावणाऱ्या, बाहेरून औषधं लिहून देण्याला आळा घालणाऱ्या त्या सुनावण्या राज्यभराचा नियम व्हायला हव्या होत्या.

तेव्हा जिल्हा परिषदेत, महापालिकेत निवडून येणाऱ्या प्रत्येक सदस्याकडे मागायची गोष्ट अगदी साधी आहे. आपल्या गटातल्या, प्रभागातल्या प्रत्येक दवाखान्याच्या दारावर मंजूर पदं, भरलेली पदं आणि प्रत्येक रिकामं पद कोणत्या तारखेपासून रिकामं आहे, हे लावून घ्यावं. शेजारी त्या महिन्यात संपलेल्या औषधांची यादी असावी. दर तीन महिन्यांनी त्या फलकासमोर सुनावणी व्हावी, आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने तिथे उभं राहून पुढच्या तारखा द्याव्यात.