मोहरी कुठल्या दारात मागायची?

कविता दुःख हलकं करते असं सगळेच म्हणतात. खोटं नाही ते. सूतगिरणीत रात्रपाळीला रिंगफ्रेमवर तुटलेला धागा सांधता सांधता मीही मनात ओळी जुळवतो. पाळी सुटल्यावर त्या कागदावर उतरवल्या की छाती मोकळी होते. पण सवाल असा की, दुःख आज्जीचं आणि मोकळा होतो मी, हा कुठला न्याय?

आमच्या घराला वंशावळ नाही. पणजोबा गावचा येसकर. त्याची भाकर मागायची वेळ साऱ्या गावाला पाठ, नाव कुणी जपलं नाही. १९५८ साली वतन मोडणारा कायदा झाला. चाकरी गेली, विटाळ राहिला. १९७२ च्या दुष्काळात आज्जी खडी फोडायला जायची. गावच्या विहिरीवर आमचा पोहरा चालत नव्हता. तिचा थोरला पोरगा डबक्यातलं पाणी पिऊन हगवणीनं गेला. बाप सांगतो, जात्यावर बसली की ती त्या पोराच्या नावानं ओव्या बांधायची. आमच्या घराचा इतिहास तेवढाच, पिठाबरोबर बाहेर पडलेला.

किसा गोतमीची कथा तुम्हाला ठाऊक आहे. मेलेलं पोर कडेवर घेऊन ती औषध मागत फिरली. ज्या घरात कधी कुणी मेलं नाही तिथली मोहरी आण, असं बुद्धानं तिला सांगितलं. ती दारोदार फिरली, तसं घर मिळालं नाही. मरण सगळ्यांचंच, हे तिला उमगलं. तिच्या गाथा थेरीगाथेत आहेत. हे सांत्वन खरं, कारण त्यात फसवणूक नाही.

आता आज्जीला त्या दुष्काळातल्या गावात धाडा. ज्या घरचं पोर विहीर बंद केल्यामुळं मेलं नाही, तिथली मोहरी आण म्हणा. तिची ओटी भरून जाईल! आळीच्या आळी देतील. मग ‘मरण कुणाला चुकलंय’ हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं?

मला वाटतं, दुःख दोन जातींचं असतं. एक येतं, एक दिलं जातं. आलेल्या दुःखावर कवितेनं खुशाल हात फिरवावा. दिलेल्या दुःखावर फुंकर घालताना मात्र देणाराचं नाव पुसू नये. जी कविता ऐकून विहीर बंद करणाराच्या नातवालाही ‘वा, काय सुंदर!’ म्हणत गाढ झोप लागते, तिच्यात खोट आहे.

मग लिहायचं सोडायचं का? नाही. त्या पोराचं नाव शाळेतसुद्धा पडलं नव्हतं. आपण नाही लिहिलं तर ते होतं याला पुरावाच नाही. म्हणून लिहायचं, आणि आधी आज्जीला वाचून दाखवायचं. ती म्हणाली, ‘असंच झालं व्हतं,’ तर छापायला द्यायचं. म्हणाली, ‘लई ग्वाड झालंय रं,’ तर परत लिहायला बसायचं.